रोडवरच्या दोन खोल्या

मी, यादोराव सोमाजी निंबार्ते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा पंचायत समितीत हातपंप दुरुस्ती मेकॅनिक, हल्ली निवृत्तिवेतनधारक, राहणार करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर रिता गभणे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि शेवटी घरी कोण कोण असते असे विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना मी लगेच उत्तर दिले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतके जवळ दुसरे माणूस घरात नाही.

मोहाडीच्या वकिलांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. तो बरोबर होता, पण त्यात कोणाला काय एवढेच होते, कशासाठी ते नव्हते. मी म्हणालो, मी पुन्हा लिहितो. ते म्हणाले, "एवढं कायले लिहिता जी, वाचनार कोन?" वाचणारा निघाला तर त्याला कळावे म्हणून लिहितो.

१. याआधी मी तीन मृत्युपत्रे लिहिली. पहिल्यात रोडवरच्या दोन खोल्या हनुमान मंदिराच्या सभामंडपाला होत्या, दुसऱ्यात मुलींच्या अभ्यासिकेला, तिसऱ्यात नागपूरकडच्या एका गोशाळेला. तिन्ही रद्द समजावीत. खरे म्हणजे ती लिहिली तेव्हाही मी मनापासून लिहिली नव्हती. ती कशासाठी लिहिली ते कलम चारमध्ये येईल.

२. माझी मालमत्ता अशी. करडी येथे डांबरी रोडला लागून राहते घर. त्यात रोडच्या अंगाला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, एक खोली आणि आंगण. तलावाखाली धानशेतीची दीड एकर बांधी. बँकेत मुदत ठेव. दुरुस्तीची हत्यारे. यातले सगळे माझ्या नोकरीतून आणि माझी पत्नी चंद्रभागाबाई हिच्या काटकसरीतून झाले. आम्हाला मूलबाळ झाले नाही. त्याचे दुःख तिने जास्त केले की मी, याचा निकाल आमच्यात शेवटपर्यंत लागला नाही. आम्ही त्याविषयी बोललोच नाही.

नोकरी चौतीस वर्षे झाली. हापशी बंद पडली की गावचा माणूस सायकलने पंचायत समितीत चिठ्ठी आणून द्यायचा, पुढे फोन करायचा. मी पोचलो की बाया पाण्याचे गुंड, बादल्या घेऊन उभ्याच असायच्या. पाइप वर ओढायला दहा माणसे धावून यायची. कोणाच्या घरून चहा, कोणाच्या घरून मुरमुरे. पाणी आले की म्हातारी बाई पहिली ओंजळ माझ्या हातावर ओतायची. असे मी रोज कुठल्या ना कुठल्या गावात पाहिले आणि तेच आयुष्य असते असे समजून बसलो. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून फोन बंद झाला.

३. चंद्रभागाबाई २०२१ सालच्या नोव्हेंबरात वारली. मूत्रपिंडाचा आजार होता. तिच्या तेराव्याला आसपासच्या गावांतून माणसे आली. मी कधी कोणाची हापशी दुरुस्त केली त्याची ओळख धरून आली. आंगणात बसायला जागा उरली नाही. एवढी माणसे पाहून मला भरून आले आणि मी उभा राहून सगळ्यांसमोर बोललो, "रोडवरच्या दोन खोल्या मी धर्मादायात देईन. कुठं द्याच्या ते विचार करून सांगतो."

लोकांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या गावी गेले. पुढचे चार महिने माझ्या घरी दूधवाल्याशिवाय कोणी आले नाही. तोही दूध ओतून फाटकातूनच परत जायचा. मी दिवसभरात काय बोललो ते रात्री मोजता येत असे. एकदा तर एक वाक्यही निघाले नाही.

मग एका मंगळवारी मंदिर समितीचे अध्यक्ष जागेश्वर भुरे आले.

४. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

जागेश्वर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मोकळा माणूस, बोलायला जोरकस. म्हणाला, "भाऊ, तेराव्याले तुमी बोलले, ते देवानंच बोलवून घेतलं तुमच्याकडून. खोल्या पाडू, मोठा सभामंडप बांधू, चंद्रभागावहिनीचं नाव टाकू." तो दोन तास बसला. गावातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. मी चहा केला, पोहे केले. जाताना त्याने विचारले, "मंग काय समजू?" मी म्हणालो, "विचार करून राहिलो." तो म्हणाला, "करा, करा. पुढच्या मंगळवारी येतो."

तो आला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आला.

गावात बातमी झाली तशी अंजू बांते येऊ लागली. अंजू पदवी झालेली, सव्वीस वर्षांची. गावातल्या पाच मुलींना घेऊन ती ग्रामपंचायतीच्या ओसरीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. ओसरीत ऊन यायचे, माणसे यायची, ग्रामसभा असली की उठावे लागायचे. तिला अभ्यासिकेसाठी खोली हवी होती. ती रविवारी यायची, पाचही मुली सोबत. त्या आंगण झाडायच्या, मला पेपर वाचून दाखवायच्या. माझे डोळे चांगले आहेत, पण ते मी सांगितले नाही.

त्यानंतर गोशाळेवाले मोठ्या गाडीतून आले. दोन माणसे आणि एक फोटो काढणारा. संगमरवरी पाटी, त्यावर माझे नाव, आणि दरवर्षी माझ्या नावाने गायींना गूळ. त्यांनी मला गायीला चारा घालताना उभे करून फोटो काढला. गाय शेजारी राहणाऱ्या माझ्या पुतण्याची, निकेशची होती. पुढे तो फोटो गावात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्याखाली 'गोभक्त दानशूर' असे लिहिले होते. मी उभ्या आयुष्यात गाय पाळलेली नाही.

आता खरी गोष्ट लिहितो. मी कोणालाही नाही म्हणालो नाही, कारण नाही म्हटले की तो माणूस येणार नाही हे मला कळले होते. हो म्हटले तरी बाकीचे दोघे येणार नाहीत. विचार चालू आहे असे म्हटले की सगळे येत राहतात. मंगळवारी सकाळी मी पलंगावर कागद पसरून ठेवायचो, चष्मा लावायचो आणि जागेश्वरला म्हणायचो, "वकिलाशी बोलनं चालू आहे." त्याचा मंगळवार सुटू नये म्हणून पहिले मृत्युपत्र केले आणि त्याला दाखवले. अंजू निराश दिसली त्या महिन्यात दुसरे केले. तिसरे केले तेव्हा गोशाळेवाल्यांनी मला गाडीत बसवून वरठी स्टेशनपर्यंत नेले, हॉटेलात जेवू घातले आणि परत आणून सोडले. तो दिवस माझा फार चांगला गेला.

अडीच वर्षे मी असे केले. या अडीच वर्षांत माझ्याकडे जितकी माणसे आली तितकी निवृत्तीनंतर कधी आली नव्हती.

५. याचा परिणाम काय झाला तेही नोंदवतो.

जागेश्वरने माझ्या शब्दावर सभामंडपाची एक ट्रॅक्टर रेती आणून माझ्या घरासमोर टाकली. दोन पावसाळ्यांत ती नालीत वाहून गेली. मी खिडकीतून पाहत होतो. त्याने मला एक शब्द विचारला नाही.

अंजूचे नुकसान जास्त झाले. गावातल्या एका धान व्यापाऱ्याने तिला आपला रिकामा गाळा दोन वर्षे फुकट वापरायला देऊ केला होता. ती आधी माझ्याकडे विचारायला आली. "काकाजी, तुमच्या खोल्या भेटत असतील तं मी त्यायले नाही म्हनते. एक डाव सामान मांडलं की पुन्हा हलवनं होत नाही." मी म्हणालो, "तुमचंच पक्कं समज." त्याच आठवड्यात मंगळवारी मी जागेश्वरलाही तेच म्हणालो होतो. अंजूने गाळा नाकारला. व्यापाऱ्याने तिथे खताची पोती भरली.

माझ्या खोल्या काही मिळाल्या नाहीत. पाच मुलींच्या तीन झाल्या. एकीच्या बापाने सांगितले, जागाच नाही तर घरीच बस. दुसरी तुमसरला कापडाच्या दुकानात लागली. मग तीनच्या दोन झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये, रविवार नसताना, अंजू एकटी आली. ती बसली नाही. दारात उभी राहून म्हणाली,

"काकाजी, मी भंडाऱ्याले पतसंस्थेत नोकरीले लागली. उद्यापासून जाऊन राहिली. एक इचारू?"

"इचार."

"तुमाले द्याचंच नोहोतं का?"

मी म्हणालो, "तसं नाही. विचार करून..."

"अडीच वर्सं?"

मग जे कोणाला सांगितले नव्हते ते तोंडातून निघाले. "नाही म्हनलं असतं तं तुमी आल्या नसत्या."

ती रागावेल असे वाटले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "नाही म्हनलं असतं तरी मी आली असती ना, काकाजी. आमाले तुमच्याकडं आवडे. पोरी हापशीच्या गोष्टी आयकाले येत. पेपर का तुमच्यासाठी वाचत होत्या? तुमी बाजूले बसून मधामधात बोलत, म्हनून वाचत होत्या."

एवढे बोलून ती गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी जागेश्वर आला नाही. मला वाटले, शेवटी रेतीचा राग निघाला. गोशाळेवाल्यांना कोणी दुसरा दानशूर मिळाला असावा. घर पुन्हा तेराव्यानंतरच्या चार महिन्यांसारखे झाले. फरक एवढाच की या वेळी त्याचे कारण मी स्वतः होतो.

६. रोडवरच्या दोन खोल्या. या खोल्या या मृत्युपत्राने मी कोणालाच देत नाही, कारण त्या आता माझ्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मी मोहाडीला जाऊन ग्रामपंचायत करडी हिच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून दिले आहे. अट एकच: खोल्या न पाडता तिथे गावच्या मुलामुलींची अभ्यासिका असावी. मेल्यानंतर देण्याचे ठेवले असते तर मी पुन्हा कागद बदलले असते. स्वतःविषयी मला एवढी माहिती आता झाली आहे.

अभ्यासिका फेब्रुवारीपासून सुरू आहे. सध्या तीन मुली येतात. अंजूच्या पाचांपैकी त्यात कोणी नाही. उशीर झाला म्हणजे काय झाले ते मला त्या तीन नव्या चेहऱ्यांकडे पाहून कळते. पहिल्या दिवशी मी आत जाऊन विचारले, काही पाहिजे काय. त्यांतली एक हळूच म्हणाली, "वाचून राहिलो जी, बाबाजी." मी बाहेर आलो. मधल्या भिंतीतून पानांचा आवाज येतो, कधी हसण्याचा. मी त्या वेळेत टीव्ही लावत नाही. अंजूला मी मोबाइलवर कळवले. तिचे उत्तर आले, "चांगलं केलं काकाजी." ती अजून आलेली नाही. येण्याची अपेक्षा करण्याचा हक्क मला नाही.

७. मुदत ठेव. ही रक्कम मोडू नये. तिच्या व्याजातून अभ्यासिकेचे वीजबिल, ट्यूबलाइट, पंख्याची दुरुस्ती, पेपर आणि पिण्याच्या पाण्याचा खर्च करावा. नवीन बांधकाम, फरशी, रंगीत कमान यांवर एक पैसाही जाऊ नये.

यामागचा विचार माझ्या नोकरीतला आहे. चौतीस वर्षांत मी शेकडो हापश्या पाहिल्या. बहुतेकींवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असायचे. त्यांतल्या कितीतरी एका चामडी वायसरासाठी वर्षवर्ष बंद असायच्या. हापशी बसवून द्यायला माणूस मिळतो, वायसर बदलायला मिळत नाही, कारण वायसर पाइपाच्या आत बसते आणि त्यावर नाव लिहिता येत नाही. कुठे द्यावे याचा विचार करतो असे मी अडीच वर्षे सांगत राहिलो, पण खरा विचार केला तो अंजू गेल्यावरच्या एका दुपारी, आणि तो एवढाच होता. म्हणून माझे किंवा चंद्रभागाबाईचे नाव तिथे कुठेही लावू नये.

८. बांधी. तलावाखालची दीड एकर बांधी माझा पुतण्या निकेश याला द्यावी. निकेश माझ्या मयत लहान भावाचा मुलगा. आमच्या आंगणात भिंत घातलेली आहे, तिच्या पलीकडे राहतो. चंद्रभागाबाईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे होते त्या पहाटे मी भिंतीवरून हाक मारली. तो म्हणाला, गाडीत पेट्रोल नाही. सकाळी सात वाजता तो त्याच गाडीने वरठीला कामावर गेला. हे मी विसरलो नाही, आणि विसरलो असे इथे लिहीत नाही. पण गेली नऊ वर्षे त्या बांधीत चिखल तो करतो, रोपांचा रोवणा तो करतो, पाण्याची पाळी रात्री उठून तो सांभाळतो. जमीन राबणाऱ्याकडे राहावी. माझा राग माझ्यासोबत जाईल, त्याच्या वाट्याला फक्त बांधी येईल.

९. हत्यारे. दोन पाइप पाने, साखळी पाना, क्लॅम्प, तिपाई आणि लोखंडी पेटी ही पंचायत समितीचे सध्याचे मेकॅनिक कैलाश यांना द्यावीत. मोठ्या पान्याची मूठ सैल आहे. जोर लावताना अंगठा वर ठेवू नये. हे त्यांना तोंडी सांगावे, नुसता कागद देऊ नये.

१०. हनुमान मंदिर. सभामंडपासाठी मी काही ठेवत नाही. मंदिरासमोरच्या हापशीसाठी नव्या सळ्यांचा एक जोड आणि वायसरांचे पाकीट कपाटात ठेवले आहे, ते समितीने न्यावे. वाहून गेलेल्या रेतीबद्दल मी जागेश्वरची माफी मागतो. ही माफी मी तोंडाने मागायला हवी होती.

११. मागची खोली, स्वयंपाकघर आणि आंगण माझ्या मृत्यूनंतर अभ्यासिकेला जोडावे. दुरून येणाऱ्या एखाद्या मुलीला डबा खायला किंवा उशीर झाला तर मैत्रिणीसोबत थांबायला जागा होईल. चंद्रभागाबाईची लुगडी पेटीत आहेत, ती वाटून टाकावीत. तिचा चष्मा मात्र माझ्यासोबत चितेवर ठेवावा. त्याचा कोणाला उपयोग नाही, पण तो कोणाच्या हाती पडावा असे मला वाटत नाही.

१२. माझे क्रियाकर्म साधे करावे. अस्थी वैनगंगेत सोडाव्यात. तेराव्याला जेवण द्यावे, परंतु त्या दिवशी कोणीही उभे राहून कसलेही दान जाहीर करू नये.

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मोहाडीचे वकील श्री. धर्मेंद्र सेलोकर यांनी करावी.

१४. साक्षीदारांविषयी. वकिलांनी सांगितले की ज्याला स्वतःला या कागदातून काही मिळत नाही, अशा दोन माणसांच्या सह्या घ्या. एक डॉक्टर गभणे झाल्या. दुसरा कोण, याचा विचार करत मी चार दिवस घरात बसलो. ज्यांना काही मिळणार नाही अशी माणसे पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या कोणाच्या घरी जाऊन मी गेल्या तीन वर्षांत बसलो होतो, ते आठवेना. मी घरी बसून माणसे येण्याची वाट पाहत होतो.

शेवटी परवा बाजाराच्या रोडवर जागेश्वर दिसला. मी थांबवले आणि एका दमात सांगितले, "जागेश्वर, खोल्या अभ्यासिकेले गेल्या. तुझ्या मंडपाले मी काही ठेवलं नाही. साक्षीदार म्हनून सही करशील का?"

मला वाटले, तो निघून जाईल. मग म्हणाला, "कव्हा येऊ?"

सह्या आज अकरा वाजता ठरल्या होत्या. जागेश्वर नऊ वाजताच आला. मी विचारले, "एवढ्या लवकर काहून?" तो म्हणाला, "घरी काही काम नोहोतं, भाऊ. सकाळ जात नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आले. त्याची बायको कुंताबाई गेल्या पोळ्याच्या आठवड्यात वारली. तो मंगळवारी यायचा थांबला तो त्या दिवसांत, ती अंथरुणाला खिळली तेव्हा. मी तिच्या तेराव्याला गेलो होतो, जेवलो होतो, हात जोडून परत आलो होतो. त्यानंतर सहा महिने झाले. त्याचे घर माझ्या घरापासून पंधरा घरांवर आहे.

डॉक्टर आत्ता आल्या. दोघे बाहेर ओट्यावर बसले आहेत आणि मी हे शेवटचे कलम आत बसून पुरे करतो आहे. सह्या झाल्यावर डॉक्टर दवाखान्यात जातील. जागेश्वर उठला की मी पायात चप्पल घालीन आणि त्याच्या घरापर्यंत जाईन. बोलावले तर आत बसेन.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे आणि यापुढे मी तो बदलणार नाही.

ठिकाण: करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

लिहून देणार:
(सही) यादोराव सोमाजी निंबार्ते

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:

१. (सही) डॉ. रिता गभणे, करडी

२. (सही) जागेश्वर भुरे, करडी